वाचून न दाखवलेला अर्ज

दिवाळी सरली, तुरीला पिवळी फुले लागली, आणि माझ्या टेबलासमोर जिवंत माणसांची रांग पुन्हा उभी राहिली. हा हयातीच्या दाखल्याचा हंगाम. कास्तकाराला सोयाबीनच्या सोंगणीचा हंगाम असतो, बागवानाला संत्र्याच्या तोडणीचा, तसा आम्हा अर्जनवीसांना हा. ज्या म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून दरमहा काही मिळते, त्यांनी वर्षातून एकदा स्वतः येऊन सांगायचे की, साहेब, मी अजून मेलेलो नाही. नुसते तोंडाने सांगून चालत नाही. समोर उभा असलेला माणूस पुरावा ठरत नाही, त्याच्या हातातला कागद ठरतो. तो कागद मी लिहितो.

गेली अठ्ठावीस वर्षे मी तहसिलीच्या कुंपणाबाहेर कडुनिंबाखाली बसून लिहीत आहे. माझे शिक्षण नववी उत्तीर्ण. दहावीच्या परीक्षकांना माझ्या योग्यतेस न्याय देता आला नाही, तो विषय निराळा. परंतु माझ्या मसुद्याचे वजन या तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. वकिलांची माणसेसुद्धा माझ्याकडून वाक्ये उतरवून नेतात.

सकाळच्या गारठ्यात म्हातारी माणसे उन्हाच्या पट्ट्यात उकिडवी बसतात. आवारात संत्र्याच्या सालींचा वास असतो, कोणाच्या तरी पिशवीत पिकून फुटलेले सीताफळ असते. आत यंत्रावर अंगठा ठेवायचा. आयुष्यभर कापूस वेचून ज्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या, त्या बोटांना यंत्र ओळखत नाही. ज्या हातांनी राबराब राबायचे, त्यांनीच पुराव्याला अपुरे पडायचे! मला या गोष्टीचा संताप येतो. दरवर्षी येतो. पण यंदाच्या संतापाचे कारण वेगळे आहे, आणि ते मी क्रमाने नमूद करतो.

आमचे गाव कामरगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. त्या फाट्यावर यंदा ग्रामपंचायतीने प्रवासी निवारा बांधला आणि त्यास जैबुनबी हिचे नाव द्यायचे ठरवले. ठराव योग्यच होता. जैबुनबी याच आषाढात गेली, ऐंशी उलटलेली. त्या फाट्यावर तिची जीप जितकी वर्षे उभी राहिली, तितकी वर्षे तेथे कोणताही निवारा नव्हता. तीच निवारा होती. गेल्या आठवड्यात एसटीतून उतरलो, तर निवाऱ्यावर कापडी फलक लावलेला दिसला. तिचा जुना फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत मजकूर: ‘गरीब, निराधार, अशिक्षित, वृद्धापकाळाने गलितगात्र झालेली, दृष्टी मंदावलेली ही अबला विधवा…’

मी जागीच उभा राहिलो. पुढचे वाचण्याची मला गरज नव्हती. ते वाक्य माझे होते.

सरपंच तेथेच खुर्ची टाकून बसले होते. मी विचारले, हा मजकूर कोणी दिला? ते कौतुकाने हसले.

“तुमचाच तं हाय, भाऊ! तिच्या पेटीत तुमच्या अर्जाची नक्कल सापडली. काय भारी लिवलं तुमी! वाचता वाचता डोयात पानी आलं माह्या.”

“तो फलक काढा,” मी म्हणालो.

“काहून? उद्घाटनाले आमदार येऊन राह्यले. आठ दिवसांनी हेच दगडावर कोरायचं हाय.”

दगडावर! कापड फाटते, कागदाला वाळवी लागते, दगडाचे काय करायचे? जी बाई आयुष्यात एक दिवस कोणाच्या आधाराने उभी राहिली नाही, तिला माझ्या वाक्याने कायमचे निराधार करून ठेवायचे, हे मी होऊ देणार नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

जैबुनबी शेलूबाजारच्या मणेरांच्या घरातली. बाप डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरे आणि ही त्याच्या मागे. बांगडी भरताना हात कसा दाबला की हाड सैल पडते, हे ती पोरवयातच शिकली. त्यातूनच पुढे ती मोडलेली हाडे बसवू लागली. सोळाव्या की सतराव्या वर्षी यात्रेत तंबूतला सिनेमा आला आणि ही बांगड्या विकायला तंबूत शिरली ती तंबूबरोबरच निघून गेली. प्रथम बायकांच्या दाराशी तिकिटे फाडणे, मग तुटलेली फीत जोडणे, मग ज्या माणसाने यंत्र शिकवले त्याच्याशीच निका, आणि मग यंत्रच तिच्या हाती. वऱ्हाडातल्या किती यात्रा तिने पालथ्या घातल्या, याची गणती तिच्याजवळही नव्हती. एकदा यंत्राने पेट घेतला तेव्हा हिने जळती रिळे ओढणीत गुंडाळून बाहेर फेकली. उजव्या कोपराखाली त्या भाजल्याची चकाकती खूण होती. पोरेबाळे ती खूण बघायला मागत. ती बाही वर करून म्हणे, “पाह्य, हिरोईन इथं जळली होती, तिले मी वाचोलं.”

तंबू मोडला, नवरा छातीच्या आजाराने गेला. सिनेमाच्या प्रचाराची, भोंगे लावलेली जीप तेवढी तिच्याकडे उरली. तिने भोंगे उतरवले, मागे दोन फळ्या टाकल्या आणि आमच्या फाट्यावर सवारी भरू लागली. नवऱ्याचे गाव आमचे, म्हणून ती आमची, साऱ्यांची खाला म्हणजे मावशी, झाली. रस्त्यावरचे पुरुष जीपवाले सुरुवातीला हसले. त्यांतला एकजण म्हणाला होता, “खाला, गाडी चालवनं म्हंजे पोया लाटनं नाई.” तिने उत्तर दिले, “मले पोया येतच नाईत रे बाबा, म्हनून तं गाडी चालवून राह्यली.”

तिच्या जीपचा वास मला आजही येतो. डिझेल, ओला कापूस, बकरीचे पिल्लू, आणि सीटखालच्या बांगड्यांच्या पेटीतला जुना भुसा. ती पेटी तिने कधी उतरवली नाही. जी बाई अडलेल्या अवस्थेत तिच्या जीपमध्ये चढे आणि मोकळी होई, तिच्या हातात ती स्वतः दोन हिरव्या बांगड्या भरत असे. हा तिचा स्वतःचा रिवाज. माझ्या पत्नीच्या, मंगलाच्या, हातातही तिने त्या भरल्या. माझी मुलगी दवाखान्यात जन्मली नाही. अडाण नदीचा पूल ओलांडून दोन शेते पुढे, बाभळीखाली उभ्या केलेल्या जीपमध्ये जन्मली. मी रस्त्यावर उभा राहून थरथरत होतो. जैबुनबी आतून ओरडली, “मुन्शी, थरथरून कोनाले मदत करून राह्यला तू? पानी आन!” मला ती मुन्शीच म्हणे. माझे पूर्ण नाव तिने कधी उच्चारले नाही, आणि दुसऱ्या कोणी तसे केले असते तर मी सहन केले नसते.

अशा बाईने एका हयातीच्या हंगामात, बारा वर्षांपूर्वी, माझ्या टेबलासमोर येऊन रांग मोडली. हिरवे लुगडे, कमरेला किल्ल्या. बाकीचे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला आले होते. हिला सिद्ध करायचे होते की ती गाडी चालवू शकते. परवान्याची मुदत आठ दिवसांत संपत होती, आणि जिल्ह्याच्या कचेरीत वय पाहून तिला अर्ज लिहून आणायला सांगितले होते.

“मुन्शी, लिव. जैबुनबीले गाडी चालवता येते. बस. एवढंच लिव.”

“खाला, एवढ्याने होत नसते,” मी म्हणालो. “कागदाला वजन लागते.”

येथे मला माझ्या धंद्याची एक गोष्ट उघड करावी लागेल. अठ्ठावीस वर्षांत मी शिकलो ते हे, की खुर्चीतल्या माणसासमोर अर्जदार जितका लहान दिसेल, तितका कागद लवकर सरकतो. म्हणून माझा प्रत्येक अर्ज एकाच पायरीवरून सुरू होतो: गरीब, निराधार, अशिक्षित. बाई असेल तर अबला, म्हातारी असेल तर गलितगात्र, दृष्टी मंदावलेली. विहिरीचा अर्ज असो की सातबाऱ्याचा, ही सुरुवात बदलत नाही. त्या दिवशीही हात आपोआप चालला. मी दोन पाने लिहिली, आणि खरे सांगायचे तर माझ्या लेखणीतून उतरलेला तो सर्वोत्तम मसुदा होता. वाचणाऱ्याचे काळीज हलावे असा. गाडीचा परवाना मागणाऱ्या बाईस आपण आंधळी आणि लुळी ठरवीत आहोत, हे माझ्या लक्षातही आले नाही.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अर्जाखाली शेवटची ओळ लिहायची: ‘वरील मजकूर वाचून दाखवला, तो समजला व खरा आहे.’ त्यानंतरच अंगठा घ्यायचा. जैबुनबीने शाईच्या डब्यावर अंगठा ठेवण्यापूर्वी म्हटले, “वाचून दाखव.”

मागे वीसेक म्हातारे खोळंबले होते. कोणी खोकत होते, कोणी माझ्या नावाने हाका मारीत होते.

“चांगलंच लिहिलं आहे, खाला. माझ्यावर विश्वास नाही का?”

तिने माझ्याकडे पाहिले. “तुयावर नाई तं कोनावर?” असे म्हणून अंगठा दिला. शेवटची ओळ मी लिहिली होती. पाळली नव्हती.

मी तिच्याबरोबर वाशीमला गेलो. माझ्या मसुद्याचा परिणाम प्रत्यक्ष पाहावा, ही इच्छा. जीप तिनेच चालवली. तूर दोन्ही बाजूंनी डोलत होती, वेचणीच्या बाया तिला पाहून हात हलवत होत्या, आणि ती प्रत्येकीला हॉर्नने उत्तर देत होती. तो हॉर्नही तंबूतल्या दिवसांतला, रबरी फुगा दाबून वाजवायचा.

कचेरीतल्या साहेबाने अर्ज उघडला. आधी मनात वाचला. मग चष्मा वर करून मोठ्याने वाचू लागला. गलितगात्र. दृष्टी मंदावलेली. हातापायांत त्राण न उरलेली. प्रत्येक शब्दाला आजूबाजूचे कारकून मान वर करीत होते. मी घडवलेला प्रत्येक शब्द माझ्यावर दगडासारखा पडत होता.

“बाई, तुम्हीच लिहून दिलंय की दिसत नाही, चालवत नाही. मग गाडी काय कानांनी हाकणार?”

सगळे हसले. त्या हसण्याचा राग मला आजही झोपू देत नाही. तो साहेब उद्धट होता, कारकून निर्लज्ज होते, हे मी पुन्हा पुन्हा लिहू शकतो, आणि ते खरेच आहे. पण त्याच्या हातातला कागद त्याने लिहिलेला नव्हता.

जैबुनबीने सांगायला हवे होते की लिहिणारा हा बाजूला उभा आहे. ती म्हणाली, “अंगठा माहा हाय, साहेब.” एवढेच. आणि बाहेर पडली.

आठ दिवस हातात असूनही तिने जीपला किल्ली लावली नाही. जीप एका ओळखीच्या मिस्त्रीच्या दाराशी लावली आणि आम्ही एसटीने परतलो. शेलूबाजारला गाडी थांबली, खिडकीतून संत्रीवाल्यांचा गलबला आत आला. तिच्या माहेरचे गाव ते. नेहमी तेथे उतरून ती चार जणांना शिव्या देई, चार जणांकडून खाई. त्या दिवशी ती हलली नाही. गाडी सुटल्यावर तिने विचारले, “मुन्शी, तुले मी अशी दिसली काय?”

मी म्हणालो, तशी पद्धत असते. सगळ्यांचेच असे लिहितात.

“सगळ्याइचंच?” ती म्हणाली. “मंग त्या रांगेतल्या म्हाताऱ्याइले तू रोज हेच करून राह्यला?”

मी खिडकीबाहेरच्या तुरीकडे तोंड फिरवले.

मी दुसरा अर्ज लिहिला, तिसरा लिहिला. उत्तर एकच: अर्जदाराने पूर्वीच्या अर्जात आपली असमर्थता स्वतः मान्य केली आहे. माझी दया तिच्याच विरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. मिस्त्रीच्या पोराने जीप गावात आणून सोडली, आणि ती तिच्या दाराशी निंबाखाली उभी राहिली. कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. फाट्यावर बाया डोक्यावर गाठोडी घेऊन तासन्‌तास उभ्या राहत. माझ्या घरासमोरून जाताना जैबुनबी सलाम करी, पण मुन्शी म्हणून हाक मारीत नसे. मंगला त्या दिवसांत माझ्याशी आवश्यक तेवढेच बोले.

मग पौषातली ती धुक्याची सकाळ. दहा पावलांवरचे दिसत नव्हते. शेवंता नावाची सालदाराची बायको अडली. फोन लागला तेव्हा सरकारी गाडी दुसऱ्या टोकाला गेल्याचे कळले. लोक जैबुनबीच्या दाराशी आले. तिच्याकडे परवाना नाही, हे सर्वांना ठाऊक होते. ती बाहेर आली, सीटवरची कोंबडी हाकलली, पेटी खाली आहे का चाचपून पाहिली आणि म्हणाली, “ढकला.” इतके दिवस बंद असलेली गाडी चौथ्या ढकलण्यात सुरू झाली. धुक्यात तिचा हॉर्न ऐकू येत राहिला. रस्त्याच्या कडेच्या माणसांनी बाजूला व्हावे म्हणून ती तो सतत दाबीत होती. आवाज बारीक होत गेला आणि मी, बिनपरवाना वाहनाच्या कलमांची पूर्ण माहिती असलेला माणूस, दारात उभा राहून तो संपेपर्यंत ऐकत राहिलो.

शेवंता दवाखान्यात सुखरूप मोकळी झाली. मुलगा झाला. तिच्या हातात दोन हिरव्या बांगड्या भरून जैबुनबी थेट पोलीस चौकीत गेली.

“मी बिनलायसन गाडी चालवली. लिवून घ्या.”

तिथला हवालदार म्हणाला, “खाला, चहा प्या अन् घरी जा. कोनं तक्रार केली तुमची?”

“मी करून राह्यली. लिव. अन् लिवून झालं की मले वाचून दाखव. आता वाचल्याबिगर मी अंगठा नाई देत कोनाले.”

हा वृत्तांत मला हवालदारानेच पुढे सांगितला. ते वाक्य माझ्यासाठी होते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने चार ओळी लिहिल्या. सदर महिलेने दाट धुक्यात, बंद पडलेले वाहन सुरू करून, अडलेल्या स्त्रीस कोणताही अपघात न होता दवाखान्यात पोचवले व स्वतः हजर झाली. त्याने ते वाचून दाखवले. तिने दोनदा वाचायला लावले, मग अंगठा दिला.

उन्हाळ्यापर्यंत कचेरीत नवीन साहेब आले. त्यांच्यासमोर त्या चार ओळी आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद ठेवला. त्यांनी जैबुनबीला आवारात जीप दोन झाडांमधून उलटी काढायला सांगितली. तिने काढली, आरशात न पाहता, मान मागे वळवून. परवाना मिळाला. एका साध्या हवालदाराच्या चार ओळींनी ते केले, जे माझ्या दोन पानांनी बिघडवले होते. त्या दिवशी तिने माझ्या दाराशी जीप थांबवली आणि हॉर्न दाबला. “मुन्शी, बस. कामरगावले जाऊन भजे खाऊ.” माफी मी मागितली नव्हती. तिनेही मागू दिली नाही. पुढे कितीतरी वर्षे ती त्या फाट्यावर उभी राहिली.

आणि आता ते वाक्य दगडावर जाणार! मी सरपंचांना नवा मजकूर दिला. त्यांनी वाचून नाक मुरडले. “भाऊ, हे लय कोरडं हाय. लोकाइच्या डोयात पानी कसं येईन?” पाणी येऊ नये, हाच तर हेतू. ते म्हणाले, मी विचार करतो. मग म्हणाले, “अन् हे खाली काय? ‘वाचून दाखवला’ लिवायले जागा ठेवली? कोनाले वाचून दाखवता? ते तं गेली.”

त्या प्रश्नावर मी रात्रभर चडफडलो. सकाळी कागद खिशात घालून फाट्यावर गेलो. निवाऱ्यात सात-आठ बाया वेचणीला जाण्यासाठी बसल्या होत्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. त्यांत शेवंता होती, आता पोक्त झालेली. मी कागद काढला आणि मोठ्याने वाचला.

‘जैबुनबी. शेलूबाजारच्या मणेरांची लेक. बांगड्या भरल्या. तंबूतल्या सिनेमाचे यंत्र चालवले. मोडलेली हाडे बसवली. या फाट्यावरून जीप चालवली आणि बाळंतिणी नेल्या. ती कोणाची अबला नव्हती.’

कोणी रडले नाही. एक बाई म्हणाली, “खरं हाय.” दुसरी म्हणाली, “शिव्या बी देत होती, ते नाई लिवलं.” सगळ्या हसल्या. हे हसणे वेगळे होते.

शेवंता म्हणाली, “भाऊ, हॉर्न राह्यला. त्या दिवशी धुक्यात मले काही दिसत नव्हतं. हॉर्न आयकत होती मी. तेवढ्यावर जीव धरून राह्यली.”

मी तेथेच गुडघ्यावर कागद ठेवून ती ओळ वाढवली: ‘धुक्यात तिचा हॉर्न ऐकू येई.’ पुन्हा पहिल्यापासून वाचले. शेवंताने शाईचा डबा मागितला. ती सही करू शकते, पण म्हणाली, “तिचा अंगठा होता, तं माहाबी अंगठाच.” मग बाकीच्याही आल्या. त्यांचीही बोटे झिजलेली, ठसे पुसट, यंत्राने नाकारले असते असे. मला प्रत्येक ठसा ओळखू आला.

सरपंच मानतील की नाही, हे मी हा लेख लिहीपर्यंत ठरलेले नाही. न मानल्यास आमदारांसमोर मी ते वाक्य माझे म्हणून परत मागेन, आणि या सर्व अंगठ्यांसह. माझा राग गेलेला नाही; आता त्याची दिशा तेवढी ठाऊक आहे. उद्या रांग पुन्हा लागेल. गरीब, निराधार, अशिक्षित हे शब्द मी आता कोणासाठी आपोआप लिहिणार नाही. आधी विचारेन, तुम्ही काय काय केले. खोळंबा होईल, लोक ओरडतील, ओरडोत.

बायांना घेऊन टेंपो निघून गेला, तेव्हा त्या कागदाखाली मी शेवटची ओळ लिहिली. अठ्ठावीस वर्षे ती वाचण्याआधीच लिहीत आलो. त्या सकाळी वाचून झाल्यावर लिहिली.